आधी वही, मग पाकीट, कर्ज सगळ्यात शेवटी: बचत गटाने तिखट-मसाल्याचा धंदा कसा सुरू करावा

नागपुरात आणि आसपासच्या तालुक्यांत बचत गटांच्या वह्या लावून देण्याचं काम मी करते. दर उन्हाळ्यात मला तोच फोन येतो, "ताई, कर्ज मंजूर झालं. आता काय बनवू?" हा प्रश्न ऐकला की पोटात गोळा येतो. कर्ज आधी, मग यंत्र, मग माल, मग गिऱ्हाईक आणि हिशेब सगळ्यात शेवटी, असा उलटा क्रम लागला की वर्षभरात कांडप यंत्र पोतं पांघरून कोपऱ्यात जातं. हप्ता मात्र बायांच्या मजुरीतून जात राहतो.

म्हणून इथे फक्त क्रम सांगते. उदाहरण तिखट आणि मसाल्याचं घेतलंय, कारण आपल्याकडे बहुतेक गट त्यानेच सुरुवात करतात. तुमचे पापड, कुरड्या, सरगुंडे किंवा मुगवड्या असतील तरी टप्पे हेच.

वेळेचंही गणित आहे. नवी मिरची हिवाळ्याच्या शेवटाला कळमन्याच्या घाऊक बाजारात येऊ लागते आणि घरोघरी वर्षाचं तिखट मार्च ते मे या काळात भरलं जातं. तेव्हा पहिला टप्पा दसरा-दिवाळीच्या सुमाराला सुरू करा. मार्चमध्ये ठरवून एप्रिलमध्ये विकायला निघालेला गट घाईत लेबल चुकवतो, भाव चुकवतो आणि ते वर्ष हातचं जातं.

टप्पा १: धंदा नेमका कोणाचा?

बारा जणींच्या गटात मिरचीचे देठ खुडायला खरं तर चार-पाच जणीच येतात. कुणाच्या घरी आजारपण, कुणाची धुणीभांडी, कुणाचं शेत. यात कुणाचा दोष नाही. पण "धंदा गटाचा" म्हणून बाराही जणींचे पैसे घातले आणि राबल्या पाचच, तर सहाव्या महिन्यात भांडण ठरलेलं. राबणारीला वाटतं, माझ्या घामावर बाकीच्या नफा खातात. न राबणारीला वाटतं, माझ्या बचतीचा हिशेब कोणी देत नाही. दोघींचंही बरोबर असतं.

पहिल्या वर्षी मी एकच सल्ला देते. ज्यांना मनापासून करायचंय त्या चार-पाच जणींनी मिळून धंदा करावा. गटाने त्यांना नेहमीसारखं गटाच्या बचतीतून अंतर्गत कर्ज द्यावं, व्याज गटाला जावं, नफा-तोटा त्या पाच जणींचा. धंदा चालला तर पुढच्या वर्षी बाकीच्यांना घ्या. धंदा बसला तरी गट शाबूत राहतो, आणि मला हीच गोष्ट जास्त मोलाची वाटते.

मजुरी आणि नफा या दोन गोष्टी कधीच एक करू नका. काम केलं तिला मजुरी. पैसे घातले तिला नफ्यात वाटा. जिने दोन्ही केलं तिला दोन्ही. मजुरी दिवसावर न ठेवता कामावर ठेवा: देठ खुडण्याचे किलोमागे इतके, पाकीट भरण्याचे शेकड्यामागे इतके. मग कोण किती वाजता आली याची कुजबुज राहत नाही.

हे सगळं बैठकीत बोलून भागत नाही. ठराव लिहा. मी गटांना असा मजकूर देते:

"दि. ____ च्या बैठकीत असे ठरले की, खालील पाच सदस्या तिखट व मसाला तयार करून विकतील. प्रत्येकीचे भांडवल ____ रुपये. देठ खुडण्याची मजुरी किलोमागे ____ रुपये, पाकीट भरण्याची मजुरी शेकडा ____ रुपये. मजुरी दर महिन्याच्या १० तारखेला द्यावी. वर्षअखेरीच्या नफ्यातील निम्मा भांडवलात ठेवावा, उरलेला भांडवलाच्या प्रमाणात वाटावा. एखादी सदस्या बाहेर पडल्यास तिचे भांडवल ____ महिन्यांत परत करावे. सूचक ____, अनुमोदक ____."

बाहेर पडणारीचं वाक्य गाळू नका. मुलीचं बाळंतपण, घर बदलणं, नवऱ्याची बदली, बाहेर पडायची कारणं कोणावरही येतात. तेव्हा वाक्य लिहिलेलं असलं तर रडारड होत नाही.

तपासा: ठरावाखाली सगळ्या सदस्यांच्या सह्या किंवा अंगठे आहेत का? फक्त अध्यक्ष-सचिवांच्या असतील तर पुढच्या बैठकीत ठराव पुन्हा वाचून दाखवा आणि बाकीच्यांच्या घ्या.

टप्पा २: वही

कर्ज शेवटच्या टप्प्यात घ्यायचं असलं तरी त्याची तयारी इथूनच सुरू होते. बँक पंचसूत्री पाहते: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि नीट लिहिलेला हिशेब. गट किमान सहा महिने चालू असावा अशी अट आहे. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे हे सहा महिने गटाच्या वहीवरून मोजायचे, बँकेत खातं उघडल्याच्या तारखेपासून नाही. बऱ्याच गटांना हे माहीतच नसतं. खातं उशिरा उघडलं म्हणून शाखेत थांबायला सांगितलं, तर ही सूचना नम्रपणे दाखवा. पण ती दाखवायला वही असावी लागते.

गटाच्या वह्या तुम्हाला माहीत आहेत: हजेरी आणि इतिवृत्त, रोकडवही, बचत-कर्जाची खातेवही, प्रत्येकीचं पासबुक. धंद्यासाठी वेगळी जाड वही घ्या आणि तिचे चार भाग करा: खरेदी, साठा, विक्री, उधारी. साठ्याच्या भागात मिरची किती आली, तिखट किती झालं, पाकिटं किती भरली, किती गेली, किती उरली हे लिहायचं. चोरी, सांडणं, उंदीर, चुकीचं वजन, हे सगळं या भागातच पकडलं जातं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सहा महिन्यांची वही एका रात्रीत भरून काढणं. तोच पेन, तेच अक्षर, एकही खाडाखोड नाही. बँकेतला अनुभवी माणूस पान उलटतो तेव्हा आकड्यांआधी शाई पाहतो. खाडाखोड झाली तर एका रेघेने काटा, बाजूला सही करा. खरी वही थोडी मळकीच असते.

दुसरी चूक आता फार वाढली आहे. स्टॉलवर क्यूआर कोड लावलेला असतो अध्यक्षांच्या मुलाच्या मोबाइलचा. दिवसभराची विक्री त्याच्या खात्यात जमा होते, त्यातच त्याचा रिचार्ज होतो, पेट्रोल भरलं जातं, आणि संध्याकाळी कोणालाच सांगता येत नाही तिखटाचे पैसे किती. माझ्या स्वतःच्या गटात हे झालंय. त्या पोराने एक रुपयाही खाल्ला नव्हता, पण ते सिद्ध करायला आम्हाला तीन रविवार बसावं लागलं. त्याच्या आईचा उतरलेला चेहरा मी विसरू शकत नाही. धंद्याचं खातं वेगळं, कमीत कमी दोघींच्या सहीचं, आणि क्यूआर कोड त्याच खात्याचा.

तपासा: आजच पेटी उघडून रोख मोजा. रोकडवहीतली शिल्लक आणि हातातले पैसे जुळत नसतील तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

टप्पा ३: दहा किलोची चाचणी

एक क्विंटल नाही, दहा किलो. कळमन्यात पोत्यांचे सौदे होतात, एवढ्या थोड्या मालासाठी तिथे जाण्यात अर्थ नाही. इतवारी-मस्कासाथच्या किराणा बाजारातून घ्या. मिरची घेताना मधोमध वाकवून पाहा. कट्‌कन मोडली तर वाळलेली, रबरासारखी वळली तर ओली. ओल्या मिरचीत तुम्ही पाण्याचे पैसे देता. दोन-चार मिरच्या फोडून आत पाहा. करडी-काळी बुरशी दिसली तर ते पोतं सोडा, कितीही स्वस्त असो. बुरशीचं विष दळून जात नाही आणि उन्हानेही जात नाही.

एकाच जातीच्या मिरचीत रंग आणि तिखटपणा दोन्ही मनासारखे क्वचितच मिळतात. म्हणून तिखट जातीत रंगाची मिरची मिसळतात. हे मिश्रण "अंदाजाने" करू नका. वजन करून वहीत लिहा: तिखट इतकी, रंगाची इतकी. सावजी मसाला असेल तर धने, खसखस, दगडफूल, सगळं ग्रॅममध्ये. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येतं ते पहिल्यासारखीच चव मिळावी म्हणून. ती चव एकाच काकूंच्या हातात असली आणि काकू लग्नाला गेल्या, तर धंदा त्या दिवशी बंद.

वाळवण गच्चीवर, सुती लुगड्यावर किंवा धुतलेल्या चादरीवर, वरून मच्छरदाणीचं कापड. आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो, त्यामुळे वाळायची चिंता नाही. चिंता आहे दुपारच्या वावटळीची आणि मार्च-एप्रिलमधल्या अवकाळीची. आभाळ भरून आलं तर पाच मिनिटांत सगळं गुंडाळता यावं, म्हणून लुगड्याची चारही टोकं पसरतानाच मोकळी ठेवा. विटा टोकांवर ठेवायच्या, मधे नाही. देठ खुडायला बसण्याआधी हाताला तेल लावा. रात्री हातांची आग होऊ लागली की दुसऱ्या दिवशी निम्म्या जणी येत नाहीत.

कांडपावर तुमच्या आधी कोणाचं काय दळलं हे विचारा. हळद किंवा धने दळले असतील तर आधी तुमची पाव किलो मिरची टाकून ती बाजूला काढा आणि घरी वापरा.

आणि जी चूक सगळ्याच करतात: गरम तिखट लगेच पाकिटात भरणं. कांडपातून येणारं तिखट हाताला चटका देतं. ते तसंच भरलं की पाकिटात वाफ धरते, आठवड्यात गुठळ्या होतात, मग रंग उडतो. मोठ्या परातीत पसरून, पातळ कापड झाकून रात्रभर ठेवा. सकाळी चाळा, मग भरा.

सावध: हा माल विकायचा नाही, अजून नोंदणी झालेली नाही. ओळखीच्या दहा घरी नुसतं चाखायला द्या आणि दोनच प्रश्न विचारा: "भाजीत किती टाकलं?" आणि "नेहमीच्यापेक्षा कमी लागलं की जास्त?" "कसं वाटलं" असं विचारलं तर सगळ्या "छानच" म्हणतील, त्यातून काही कळणार नाही.

टप्पा ४: भाव काढणं

या टप्प्यावर घाई करू नका. एक पूर्ण बैठक फक्त यालाच द्या. मी पाहिलेले बहुतेक गट इथेच बुडतात, आणि विक्री चांगली चालू असताना बुडतात. म्हणून ते लवकर लक्षातही येत नाही.

खालचे आकडे रीत कळावी म्हणून धरलेले आहेत. मिरचीचा भाव सतत वरखाली होतो, तुमचे आकडे तुम्ही घाला.

समजा मिरची २२० रुपये किलोने दहा किलो घेतली. एक ताई तोंडी हिशेब करतात: "२२० ला किलो, म्हणजे २०० ग्रॅमचे ४४ रुपये. पाकीट ६० ला विकू, १६ रुपये सुटतील." सगळ्या माना डोलावतात. आता हेच वहीत मांडू.

मिरची दहा किलो: २२०० रुपये.
इतवारीहून आणायचा ऑटो: १५० रुपये.
देठ खुडणे, निवडणे, वाळवणे, तिघींची मिळून मजुरी: ४५० रुपये.
देठ, माती आणि वाळवणीतली घट जाऊन हातात राहिली साधारण ८.६ किलो. तिचं दळण, किलोला ३० रुपयांनी: सुमारे २६० रुपये.
कांडपात आणि चाळणीत आणखी थोडं जातं. तिखट मिळालं ८.४ किलो. २०० ग्रॅमची पाकिटं ४२. पिशवी आणि स्टिकर मिळून चार रुपये धरले तर १६८ रुपये.
पाकीट भरण्याची मजुरी: १५० रुपये.
वीज, जागा, साबण, हातमोजे: ५० रुपये.

बेरीज झाली ३४२८ रुपये. ४२ पाकिटांपैकी दोन नमुन्याला किंवा फाटण्यात गेली असं धरा. विकायला राहिली ४०. म्हणजे एका पाकिटाचा खर्च ८६ रुपयांच्या घरात.

६० ला विकलं तर प्रत्येक पाकिटामागे २६ रुपये जातात. आणि जितकी विक्री जास्त तितका खड्डा मोठा. हे लक्षात येत नाही, कारण मजुरी कोणी घेतलेलीच नसते. "घरचंच काम आहे" म्हणून ४५० आणि १५० वहीत येतच नाहीत. बाईच्या दिवसाची किंमत शून्य धरून जो धंदा फायद्यात दिसतो तो फायद्यात नाही. मजुरी लिहा. हातात पैसे नसतील तर "देणे" म्हणून लिहा, पण लिहा.

आता उलट बाजूने या. छापील किंमत १२० ठेवली असं धरू. स्वतःच्या स्टॉलवर विकलं तर पाकिटामागे ३४ रुपये राहतात. नंदनवनातल्या किंवा मानेवाड्यातल्या किराणा दुकानात ठेवलं आणि दुकानदाराने छापील किमतीवर २० टक्के मागितले, तर २४ त्याचे, ९६ तुमचे, उरले १०. त्यातून एखादं पाकीट परत आलं की दहा पाकिटांचा नफा एका फटक्यात जातो. म्हणून आधी दुकानदाराला किती द्यायचे ते ठरवा आणि मग छापील किंमत ठरवा. किंमत छापून झाल्यावर दुकानदाराकडे गेलेले गट तिथे नुसतं हो म्हणून परत येतात.

"एवढ्याला कोण घेईल?" हा प्रश्न बैठकीत येणारच. त्याचं उत्तर भाव पाडण्यात नसतं. त्याच बाजारात ब्रँडच्या २०० ग्रॅम पाकिटाची छापील किंमत किती, हे तिघींनी तीन दुकानांत जाऊन लिहून आणा. तुमचा भाव त्यापेक्षा खूपच वर जात असेल तर मिरचीची खरेदी, घट आणि पाकिटाचा आकार पुन्हा पाहा. मजुरीला हात लावू नका.

तपासा: घटीचा आकडा तुमच्या स्वतःच्या चाचणीतून आलाय का? दुसऱ्या गटाचा किंवा या लेखातला आकडा वापरलात तर तो तुमचा भाव नाही.

टप्पा ५: कागदपत्रं

हे क्रमाने केलं तर सोपं आहे.

सुरुवात गटाच्या नावाच्या पॅन कार्डने. बचत खातं आधीच असेल. नसेल तर लक्षात ठेवा, खातं उघडताना सगळ्या सदस्यांची कागदपत्रं लागत नाहीत, पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रं पुरतात. त्यासाठी बारा जणींना मजुरी बुडवून शाखेत नेऊ नका.

मग अन्न सुरक्षेची नोंदणी. केंद्रीय अन्न प्राधिकरणाच्या फॉस्कॉस पोर्टलवर ती ऑनलाइन होते आणि तुम्हाला १४ अंकी क्रमांक मिळतो. २०११ च्या नियमांत वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीसाठी साधी नोंदणी आणि त्यापुढे परवाना अशी विभागणी केलेली होती. अर्ज भरताना पोर्टलवर दिसणारी त्या दिवशीची मर्यादा आणि शुल्क पाहूनच पुढे जा. पत्ता तोच द्या जिथे माल प्रत्यक्ष भरला जातो. नोंदणी अध्यक्षांच्या एकटीच्या नावाने करू नका. त्या बाहेर पडल्या तर क्रमांक त्यांच्याबरोबर जाईल आणि छापलेली सगळी पाकिटं वाया जातील. दळण बाहेरच्या कांडपावर होत असेल तर त्या कांडपवाल्याची नोंदणी आहे का तेही विचारा.

त्यानंतर उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी. तिला एक रुपयाही लागत नाही. अर्जात बचत गट हा वेगळा प्रकार दिलेला आहे, तोच निवडा.

सावध: उद्यमच्या नावाने दिसणाऱ्या आणि पैसे मागणाऱ्या साइट्स भरपूर आहेत. पैसे भरायचं पान उघडलं की समजा, चुकीच्या जागी आलात.

दुकान-आस्थापनेच्या कायद्याखाली मोजकेच कामगार असतील तर नोंदणीऐवजी नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते. जीएसटीची नोंदणी, फक्त राज्यातच माल विकत असाल आणि उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर बंधनकारक नाही.

राहिला काटा. तो वैधमापन शास्त्र विभागाकडून पासिंग करून घ्या आणि प्रमाणपत्र काट्याजवळच लावा. घरातला स्वयंपाकाचा काटा विक्रीला चालत नाही.

अडलं तर कुठे जायचं? ग्रामीण गटांनी पंचायत समितीतल्या उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) कक्षात, शहरातल्या गटांनी महापालिकेच्या समाज विकास विभागात. माविमचे (महिला आर्थिक विकास महामंडळाचे) गट आपल्या लोकसंचालित साधन केंद्रात जातात. एजंटला पैसे देण्याआधी या दारांवर एकदा जाऊन या.

टप्पा ६: पाकीट आणि लेबल

सुटं तिखट विकू नका. दळलेले मसाले बंद पाकिटातच विकायचे असा अन्न सुरक्षेचा नियम आहे. बाजारात गोणीतून विकणारे दिसतात म्हणून ते चालतं असं नाही.

लेबलवर हे सगळं हवं: पदार्थाचं नाव, घटक (वजनाने जास्त असलेला आधी), हिरव्या चौकटीतलं हिरव्या ठिपक्याचं शाकाहारी चिन्ह, निव्वळ वजन, सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत, ग्रॅममागची किंमत, बॅच क्रमांक, पॅकिंगची तारीख, किती काळात वापरावं, गटाचं नाव आणि पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन, आणि अन्न सुरक्षेचा लोगो व १४ अंकी क्रमांक. निव्वळ वजन म्हणजे आतल्या तिखटाचं. पिशवीसकट २०० ग्रॅम भरलं तर ते कमी वजन ठरतं. आणि एकदा गिऱ्हाइकाने "काऊन बाई, कमी भरलं का?" असं चार जणींसमोर विचारलं की त्या आठवडी बाजारात पुन्हा मान वर करून बसणं अवघड जातं.

"१०० टक्के शुद्ध" किंवा "औषधी" असले शब्द छापू नका. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. दुसरी मिरची वापरून ते नाव लावू नका. वरून रंग तर अजिबात नाही. लाल तिखटात रंग घालायला कायद्याने मनाई आहे.

पहिल्यांदा हजारो छापील पिशव्या करून घेऊ नका. साध्या जाड पिशव्या घ्या आणि स्टिकर छापा. पहिल्या लेबलात काही ना काही चुकतंच. पाचशे स्टिकर फेकणं परवडतं, दहा किलो छापील पिशव्या नाही.

भरताना नरसाळं वापरा. सीलच्या रेषेवर तिखटाचा कण राहिला की सील धरत नाही. तोंडाची आतली बाजू कोरड्या फडक्याने पुसा, मग सील मारा.

तपासा: प्रत्येक बॅचमधलं एक पाकीट बादलीतल्या पाण्यात बुडवून हाताने दाबा. बुडबुडे आले तर मशीनची उष्णता आणि दाबायचा वेळ बदला आणि त्या बॅचची सगळी पाकिटं पुन्हा पाहा.

प्रत्येक बॅचचं एक पाकीट तारीख टाकून कपाटात ठेवून द्या. तीन महिन्यांनी तक्रार आली तर तुमच्या हातात तुलनेला काहीतरी असेल.

टप्पा ७: विक्री आणि उधारी

पहिली चाळीस पाकिटं दुकानात नको, स्वतः विका. वस्तीतल्या घरांत, शाळेच्या पालकसभेनंतर, आठवडी बाजारात. गिऱ्हाईक पाकीट उचलून आधी काय पाहतं आणि काय वाचून खाली ठेवतं, हे दुकानात ठेवलेल्या मालातून कळत नाही. सरससारख्या प्रदर्शनात जागा मिळाली तर जरूर जा. पण जाताना मोजून माल न्या आणि परतताना मोजून आणा. दोन्ही आकडे साठ्याच्या पानावर लिहा.

दुकानदार म्हणतो, "ठेवून जा, विकलं की पैसे देतो." नाही म्हणता येत नसेल तर मर्यादा ठेवा: एका दुकानात एका वेळी दहाच पाकिटं, आणि आधीच्या दहांचे पैसे आल्याशिवाय पुढची दहा नाहीत. दुकानदाराची सही वहीत. उधारी मागायला एकटीला पाठवू नका. दोघी गेल्या तर दुकानदार उद्यावर ढकलत नाही आणि जाणाऱ्यांनाही धीर येतो. नात्यातल्या उधारीलाही हाच नियम. नणंदेला फुकट द्यायचं असेल तर आपल्या वाट्याच्या पैशातून द्या, साठ्यातून नाही.

टप्पा ८: आता कर्ज

तीन-चार बॅचेस विकून झाल्या, उधारी वसूल झाली, मजुरी दिली आणि वहीत शिल्लक राहिली. आता बँकेत जा. आता तुम्हाला किती पाहिजे ते माहीत आहे, आणि का पाहिजे तेही. मिरची हंगामात स्वस्त असते, तेव्हा चार महिन्यांची घेऊन ठेवायची, हे कर्जाचं चांगलं कारण आहे.

पण एक गाठ इथे सोडवून घ्या. बँक कर्ज गटाला देते, तुमच्या पाच जणींना नाही. परतफेडीची जबाबदारी बाराही जणींची. म्हणून गटाच्या बैठकीत नवा ठराव हवा: कर्ज किती, त्यातलं धंद्याला किती, बाकीच्या सदस्यांच्या गरजांना किती, हप्ता थकला तर काय.

सोबत न्यायचं: ठरावाची प्रत, सगळ्या वह्या, गटाचं पॅन, पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रं, सदस्यांनी आपसात केलेला करार आणि धंद्याच्या वहीतलं टप्पा ४ चं पान. हे शेवटचं पान कोणी मागत नाही, पण टेबलावर ठेवा. शाखेतलं बोलणं तिथून बदलतं.

कॅश क्रेडिट मागा. जेवढे उचलले तेवढ्यावरच व्याज लागतं आणि विक्री आली की परत भरता येतं. ग्रामीण अभियानातल्या, म्हणजे उमेदच्या गटांसाठी पहिल्या वर्षी उचलीची मर्यादा गटाच्या एकूण निधीच्या सहापट किंवा दीड लाख, यातलं जे जास्त असेल ते, असं रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलंय. निधीत बचत, फिरता निधी आणि अंतर्गत कर्जाचं व्याज हे सगळं धरतात. अशा गटांना १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही आणि त्यासाठी बचत खातं अडकवून ठेवता येत नाही. कोणी "आधी मुदत ठेव करा" म्हटलं तर ते लेखी मागा.

सावध: दीड लाख मिळतात म्हणून दीड लाख उचलू नका. चार महिन्यांच्या मिरचीला, दळणाला आणि पाकिटांना लागतात तेवढेच.

यंत्राचं शेवटी. कांडपवाल्याच्या दळणावळीच्या पावत्या पहिल्या दिवसापासून एका तारेत ओवून ठेवा. वर्ष झालं की बेरीज करा. मग यंत्राचा वर्षाचा हप्ता, विजेचं बिल, दुरुस्ती आणि ते चालवणारीची मजुरी यांची दुसरी बेरीज करा. दुसरी बेरीज मोठी निघाली तर कांडपवाल्याकडेच जात राहा आणि पुढच्या वर्षीच्या पावत्यांसाठी नवी तार लावा.